इनव्हर्नेस ते फोर्थ: स्कॉटलंडच्या छोट्या बंदरांत यॉटला रात्रीची जागा कशी मिळवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: चौघेजण, ३३ फुटी भाड्याची यॉट, फिन कील (तळाखाली एकच अरुंद, खोल पातं), ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) १.८ मीटर. जुलैत कॅलेडोनियन कालव्यातून इनव्हर्नेसला बाहेर पडायचं आणि पूर्व किनाऱ्याने फोर्थच्या खाडीत एडिंबरोजवळ पोहोचायचं. मोठ्या मरिना टाळून रोज नव्या छोट्या बंदरात मुक्काम करायची इच्छा आहे. जागा आधी बुक करावी लागते का, आणि ऐनवेळी मिळाली नाही तर काय करायचं?

बुकिंगचा विचार सर्वांत शेवटी करा. या किनाऱ्यावर जागा भरलेली आहे म्हणून परत फिरावं लागतं, असं क्वचित होतं. पाणी कमी आहे किंवा बंदराच्या तोंडावर लाटा फुटत आहेत म्हणून परत फिरावं लागतं, हे मात्र नेहमीचं आहे. म्हणून आधी पाण्याचा हिशेब, मग वाऱ्याची दिशा, आणि मग हार्बरमास्टरला (बंदर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला) फोन.

पश्चिम किनारा पाहून आलेल्यांची इथे हमखास फसगत होते. तिकडे बेटांच्या आडोशाला नांगर टाकून निवांत झोपता येतं, जागोजागी पाहुण्यांसाठी मूरिंग बोये (बोट बांधायचे तरंगते बोये) असतात. इनव्हर्नेसपासून फोर्थपर्यंत तसा आडोसा जवळजवळ नाहीच. उघडा किनारा आणि त्यात दगडी भिंती घालून कोळ्यांसाठी बांधलेली बंदरं. इनव्हर्नेसच्या पूर्वेकडच्या मोरे फर्थ या आखाताच्या दक्षिण काठावरची बंदरं उत्तरेच्या वाऱ्याला उघडी आहेत, पीटरहेडच्या खालची पूर्वेच्या वाऱ्याला. यातली बरीच बंदरं ओहोटीला कोरडी पडतात.

मनात त्यांचे तीन गट करून ठेवा. पहिल्या गटात पीटरहेड आणि बकी. खोल पाणी, मोठं तोंड, हवा बिघडली तरी बऱ्याचदा आत जाता येतं. दुसऱ्या गटात इनव्हर्नेस, लॉसीमथ, व्हाइटहिल्स आणि आर्ब्रोथ: आत गेल्यावर बोट तरंगत राहते, पण आत जाण्याला वेळेचं किंवा हवेचं बंधन आहे. तिसऱ्या गटात कलन, पोर्टसॉय, बॅन्फ, गुर्डन, जॉन्सहेवन, क्रेल, अँस्ट्रुदर, सेंट मोनन्स. पाहताक्षणी प्रेमात पडावीत अशी ही बंदरं, पण ओहोटीला पूर्ण किंवा बऱ्याच अंशी चिखल, वाळू नाहीतर खडक. स्टोनहेवन दोन्हीकडे मोडतं: आतलं बंदर कोरडं पडतं, बाहेरच्या भिंतीला पाणी राहतं.

फिन कीलच्या बोटीने तिसऱ्या गटात मुक्काम करण्याआधी भाडेकरार वाचा. बोट कोरड्यावर बसवायला बऱ्याच कंपन्या मनाई करतात, आणि तसं केल्यास विमा लागू होत नाही. मनाई असेल तर अशा बंदरात भरतीला जाऊन दोन तास थांबून निघता येतं. पोर्टसॉयचं सतराव्या शतकातलं जुनं बंदर किंवा क्रेलची वाकडी भिंत पाहायला तेवढा वेळ पुरतो.

आता पाण्याचा हिशेब. लीथ हे फोर्थचं प्रमाण बंदर, म्हणजे आसपासच्या बंदरांचा हिशेब त्याच्या आकड्यांवरून करतात. तिथे उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारच्या मोठ्या) भरतीला सरासरी ५.६ मीटर आणि ओहोटीला ०.८ मीटर पाणी असतं; भांगाच्या (अष्टमीच्या सुमारच्या लहान) भरतीला ४.४ आणि ओहोटीला २.०. म्हणजे उधाणाला ४.८ मीटरचा फरक, भांगाला २.४ मीटरचा. समजा बंदराचं तोंड चार्टवर (सागरी नकाशावर) १.० मीटर कोरडं, म्हणजे शून्य पातळीच्या १.० मीटर वर, दाखवलं आहे. तुमचा ड्राफ्ट १.८ आणि वर ०.५ मीटरची सुरक्षा धरली, तर ३.३ मीटर भरती हवी. बाराव्या भागाच्या नियमाने (पहिल्या तासात फरकाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन) पाहिलं तर उधाण असो की भांग, भरतीनंतर तीन तासांना थोडा वेळ कमी असेपर्यंत एवढं पाणी मिळतं. कारण ३.२ ही लीथची मधली पातळी आहे आणि दोन्ही भरत्या तिच्यातूनच जातात.

खरा फरक उथळ तोंडाला पडतो. तेच तोंड १.९ मीटर कोरडं असेल तर ४.२ मीटर भरती हवी. उधाणाला भरतीच्या अलीकडे-पलीकडे दोन तासांहून किंचित जास्त वेळ मिळतो. भांगाला जेमतेम एकेक तास. शिवाय जास्त दाबाची हवा पाणी खाली दाबते, साधारण एका हेक्टोपास्कलला एक सेंटिमीटर. १०३५ हेक्टोपास्कलच्या (सरासरी दाब १०१३) छान उन्हाळी दिवशी भरती-ओहोटीच्या कोष्टकापेक्षा २० सेंटिमीटर कमी पाणी मिळेल असं धरा. ०.५ मीटरच्या सुरक्षेतला मोठा वाटा तिथेच जातो. उरलेला लाटेच्या खळग्यासाठी लागतो.

कोष्टकातली वेळ बहुतेकदा युनिव्हर्सल टाइममध्ये छापलेली असते. जुलैत घड्याळ एक तास पुढे असतं. ही बेरीज विसरून बंदराच्या तोंडात कील टेकवणाऱ्या बोटी दर उन्हाळ्यात असतात. कोष्टकाच्या पानावर पेनने मोठ्या अक्षरात '+१' लिहून ठेवा.

घड्याळाची आणखी एक गोष्ट मुक्काम ठरवताना फार कामाची आहे. एका ठिकाणी उधाणाची भरती दर वेळी दिवसाच्या साधारण त्याच सुमाराला येते. लीथला, उन्हाळी वेळेप्रमाणे, दुपारी आणि पहाटे चारच्या आसपास. ॲबर्डीनला त्याच्या तासभर आधी. भांगाची भरती तिथून सहा तास पुढे, म्हणजे लीथला सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास. त्यामुळे उधाणाच्या आठवड्यात फोर्थच्या उत्तर काठावरच्या फाइफच्या बंदरांत दुपारी चारला आरामात शिरता येतं, पण निघायचं तर पहाटे चारला किंवा दुसऱ्या दिवशी दुपारी. भांगाच्या आठवड्यात रात्री दहाला शिरायचं आणि सकाळी दहाला निघायचं. जुलैत रात्री दहालाही इथे संधिप्रकाश असतो, म्हणून चौघांच्या चमूला भांगाचा आठवडा जास्त सोयीचा. पाण्याची वर-खाली कमी, दोरांची कटकट कमी, आणि चुकून अडकलात तर पुढची प्रत्येक भरती आदल्या भरतीपेक्षा जास्त पाणी घेऊन येते. उधाणाच्या माथ्यावर उथळ बंदरात शिरलेली बोट मात्र पुढचे दहा-बारा दिवस आतच राहू शकते.

वाऱ्याबद्दल एकच नियम कडक पाळा: वारा किंवा स्वेल (दूरच्या वाऱ्याने उठलेल्या लांब लाटा) बंदराच्या तोंडात सरळ शिरत असेल तर छोटं बंदर त्या दिवसापुरतं नकाशावरून पुसून टाका. लॉसीमथला उत्तरेपासून आग्नेयेपर्यंतचा जोराचा वारा वाईट. व्हाइटहिल्सचं तोंड अरुंद आहे, आत लगेच तीव्र वळण घ्यावं लागतं, आणि उत्तरेचा स्वेल असेल तर बोट वळायच्या आत लाट तिला भिंतीकडे ढकलते. स्टोनहेवनला पूर्वेच्या वाऱ्यात बाहेरच्या भिंतीला लावलेली बोट रात्रभर आपटत राहते. इथली गंमत अशी की वारा काल पडला तरी स्वेल आज चालूच असतो. आकाश निरभ्र, वारा ब्यूफोर्ट मापाने तीन फोर्सचा, आणि तोंडावर मात्र पांढरं पाणी. म्हणून वाऱ्याच्या अंदाजाबरोबर लाटेची उंची, दिशा आणि कालावधीही पाहा. लांब कालावधीची एक मीटरची लाट उथळ तोंडावर दुप्पट उंच होऊन फुटू शकते.

हे या किनाऱ्याने फार मोठी किंमत देऊन शिकलेलं आहे. १४ ऑक्टोबर १८८१ च्या वादळात फोर्थच्या दक्षिणेकडचं आयमथ आणि आसपासच्या गावांचे १८९ कोळी बुडाले, त्यातले १२९ एकट्या आयमथचे. बऱ्याच बोटी बंदराच्या तोंडाशी, खडकांवर, घरच्यांच्या डोळ्यांदेखत फुटल्या. काही बोटी किनाऱ्याकडे न वळता खुल्या समुद्रात राहिल्या आणि वादळ ओसरल्यावर परत आल्या. तोंडाशी शंका आली की बाहेर राहायचं, हा धडा आजच्या यॉटलाही तसाच लागू आहे.

आता फोन. हार्बरमास्टर कोणाचा माणूस आहे हे माहीत असलं की नंबर शोधणं सोपं जातं. बकी, बर्गहेड, होपमन, फिन्डोक्टी, पोर्टनॉकी आणि कलन ही मोरे कौन्सिलची बंदरं. पोर्टसॉय, बॅन्फ, मॅकडफ, स्टोनहेवन, गुर्डन ॲबर्डीनशायर कौन्सिलची. आर्ब्रोथ अँगस कौन्सिलचं. क्रेल, अँस्ट्रुदर, पिटनवीम आणि सेंट मोनन्स फाइफ कौन्सिलची. व्हाइटहिल्सला गावचेच हार्बर कमिशनर आहेत, आयमथ आणि डनबारला ट्रस्ट. एकच हार्बरमास्टर दोन-तीन बंदरं सांभाळतो असंही असतं, त्यामुळे संध्याकाळी सहानंतर किंवा रविवारी धक्क्यावर कोणी भेटेलच असं नाही. आदल्या दिवशी दुपारपर्यंत फोन करा.

फोनवर आधी तुमची माहिती द्या: बोटीची लांबी मीटरमध्ये, रुंदी, ड्राफ्ट, एक कील की दोन, किती वाजता पोहोचाल, किती रात्री. मग चार गोष्टी विचारा. आज पाहुण्यांची जागा कुठे आहे? तिथे ओहोटीला किती पाणी उरतं? तळ चिखलाचा आहे की खडकाचा? आणि माझ्या ड्राफ्टला तोंडातून शिरायला भरतीच्या अलीकडे-पलीकडे किती तास मिळतील? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर चार्टपेक्षा खरं मानावं. वादळानंतर तोंडात वाळू साठते आणि ती गोष्ट गावाला चार्टच्या कितीतरी आधी कळते. तो माणूस "आज नका येऊ" म्हणाला तर कारण विचारत वेळ घालवू नका, दुसरं बंदर धरा.

समुद्रावरून व्हीएचएफ (सागरी रेडिओ). बकी, लॉसीमथ आणि फ्रेझरबरा चॅनेल १२ वर, पीटरहेड १४ वर, आर्ब्रोथ आणि अँस्ट्रुदर ११ वर, फोर्थमधली पोर्ट एडगर मरिना ८० वर, कॅलेडोनियन कालवा ७४ वर. पीटरहेडला आत शिरताना आणि बाहेर पडताना परवानगी घ्यावीच लागते. मोठ्या मासेमारी बोटी आणि पुरवठा जहाजं त्याच तोंडातून वेगात ये-जा करतात. छोट्या बंदरातून उत्तर नाही आलं तर दोनदा हाक मारून थांबा. कोणी ऐकत नसलं तरी बाहेर पडणाऱ्या कोळ्याला तुम्ही येत आहात हे कळतं.

तोंडाशी येण्याआधी, बाहेर मोकळ्या पाण्यात असतानाच शिडं उतरवा, फेंडर (बोट भिंतीवर आपटू नये म्हणून टांगायचे फुगे) दोन्ही बाजूंना लावा, चार दोर तयार ठेवा. कोणत्या बाजूला लागायचं ते आत गेल्यावरच कळतं, आणि ३३ फुटी बोटीला आत वळायला जागा असेलच असं नाही.

उंच दगडी भिंतीला बोट लावणं हे पाँटूनला (पाण्याबरोबर वर-खाली होणाऱ्या तरंगत्या धक्क्याला) लावण्यापेक्षा अगदी वेगळं काम आहे. भरतीला डेक भिंतीच्या माथ्याशी असतो, ओहोटीला पाच मीटर खाली. पुढचा आणि मागचा दोर किती दूर बांधता त्यावर रात्रीची झोप अवलंबून आहे. भरतीला डेक आणि बोलार्ड (धक्क्यावरचा दोर बांधायचा खुंट) समपातळीत आहेत असं धरा. बोलार्ड १५ मीटर लांब असेल तर पाणी ४.८ मीटर उतरल्यावर दोराला जेमतेम पाऊण मीटर जास्त लांबी लागते. तोच बोलार्ड ५ मीटरवर असेल तर जवळजवळ दोन मीटर लागते. एवढी ढील ठेवली तर भरतीला बोट इकडेतिकडे भरकटते, नाही ठेवली तर ओहोटीला बोट दोरावर लटकते आणि क्लीट (डेकवरची दोर बांधायची खुंटी) उखडते. म्हणून २० ते २५ मीटरचे दोन दोर आणि तितकेच लांब दोन स्प्रिंग (बोट पुढे-मागे सरकू न देणारे तिरके दोर) बरोबर हवेतच. दोर दगडाच्या कडेवर घासतो तिथे जुना पाइप किंवा जाड कापड गुंडाळा.

साधे फेंडर अशा भिंतीवर टिकत नाहीत; भिंतीला लावलेल्या लाकडी खांबांच्या मधल्या खाचेत सरकून बाहेर पडतात. दोन मीटर लांब, १५ सेंटिमीटर रुंद फळी बाहेरून आडवी टांगा आणि तिच्यामागे दोन फेंडर ठेवा. भाड्याच्या बोटीवर फळी नसतेच, निघतानाच लाकडाच्या दुकानातून घ्या. भिंतीतली लोखंडी शिडी डोलकाठी धरणाऱ्या तुमच्या बाजूच्या तारांजवळ येईल अशी बोट लावा, पण शिडीला दोर बांधू नका. शेवाळलेली, गंजलेली शिडी ओहोटीला चढताना दोन्ही हात मोकळे हवेत; सामान बादलीत घालून दोराने वर ओढा.

बोट कोरड्यावर बसवायची परवानगी असेल तर आदली ओहोटी गाठून तळ स्वतः पाहा, किंवा हार्बरमास्टरला नेमकी जागा दाखवायला सांगा. एखादा धोंडा किंवा जुनी साखळी कीलखाली आली तर बोट तिरकी बसते. कोकणातल्या खाडीत होडी गाळात बसते तसं इथे सगळीकडे होत नाही. कठीण वाळूवर ५ टनांची यॉट एका अरुंद कीलवर उभी राहते आणि तिला भिंतीकडे झुकवणं हे तुमचं काम. भिंतीकडच्या डेकवर ५० किलोच्या आसपास वजन ठेवा: नांगराची साखळी, पाण्याचे कॅन. झोक अगदी थोडाच हवा. जास्त झाला तर वरच्या तारा आणि स्प्रेडर (डोलकाठीचे आडवे दांडे) भिंतीला घासतात. डोलकाठीच्या टोकावरून एक हॅलयार्ड (शीड चढवायचा दोर) धक्क्यावर नेऊन बांधा, आणि कील टेकून बोट पूर्ण स्थिर होईपर्यंत कोणीही धक्क्यावर जाऊ नका. पहिल्याच फेरीत हे रात्रीच्या ओहोटीला करू नका.

मासेमारी बोटीला बाहेरून लागायची वेळ आली तर आधी विचारा: "कधी निघणार?" पहाटे तीन हे उत्तर नेहमीचं आहे. त्यांचं काम आधी, तुमची झोप नंतर. बोटीवर कोणीतरी जागं होईल अशी व्यवस्था हवी. त्यांच्या बोटीवरून जाताना पुढच्या डेकवरून जा आणि जाळ्यांवर पाय देऊ नका. शुक्रवार ते रविवार बोटी घरी असतात, त्यामुळे धक्के भरलेले. सोमवार ते गुरुवार जागा सहज मिळते. पिटनवीम हे चालतं मासेमारी बंदर आहे, तिथे मुक्कामाची अपेक्षा ठेवू नका. ॲबर्डीनचंही तसंच: तेल आणि मालवाहतुकीचं बंदर, यॉटची सोय नाही.

तुमच्या बोटीसाठी मुक्काम असे बसतात. कालव्याचं क्लाकनाहॅरीचं समुद्राकडचं लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट सोडणारे दरवाजे) ओहोटीच्या तळाला चालत नाही, वेळ विचारून या, आणि केसॉक पुलाखालून ओहोटीच्या प्रवाहाबरोबर बाहेर पडा. लॉसीमथ सुमारे ३६ सागरी मैल. तिथून व्हाइटहिल्स २२-२३. पुढचा टप्पा पीटरहेड, साधारण ३६, आणि हाच सगळ्यांत काळजीचा: फ्रेझरबरा आणि रॅट्रे हेडला प्रवाह जोराचा असतो, वारा त्याच्याविरुद्ध असेल तर समुद्र उभा राहतो. रॅट्रे हेडला किमान दोन मैल बाहेर राहा आणि दक्षिणेकडे जाणारा प्रवाह धरून जा. पीटरहेड ते स्टोनहेवन ३५, स्टोनहेवन ते आर्ब्रोथ २८-३०. माँट्रोज मध्ये दिसतं, पण खाडीचं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून ये-जा करतं, तिथला प्रवाह यॉटला झेपणारा नाही. आर्ब्रोथचा आतला भाग दरवाज्याने बंद होतो, म्हणून ओहोटीलाही बोट तरंगते. दरवाजा भरतीच्या साधारण तीन तास अलीकडे-पलीकडे उघडतो, हिरवा दिवा पाहूनच शिरा. आर्ब्रोथला पोहोचलात की धुरी दिलेला हॅडॉक, म्हणजे स्मोकी, गरम असताना खा. तिथून अँस्ट्रुदर सुमारे २२ मैल. पाँटून आहेत, पण ओहोटीला पाणी उरत नाही, म्हणून फिन कीलबद्दल आधी विचारा. नाहीच जमलं तर फोर्थमध्ये पुढे पोर्ट एडगर सुमारे २८ मैल, हिशेबात ते धरूनच निघा.

दोन धोके वाटेतले. एक, खेकडे-शेवंडाच्या पिंजऱ्यांचे बोये, विशेषतः आर्ब्रोथच्या आसपास. काही नुसते काळे प्लास्टिकचे कॅन असतात, प्रवाहाने पाण्याखाली ओढलेले. बोया दिसला तर दोर प्रवाहाच्या वरच्या बाजूला असतो, म्हणून प्रवाहाच्या खालच्या बाजूने जा. दोन बोये जवळजवळ असतील तर मधून जाऊ नका. पंख्यात दोर अडकला तर लगेच न्यूट्रल. रिव्हर्स टाकला की दोर आणखी घट्ट बसतो. दुसरा, हार: पूर्वेचा उबदार वारा थंड पाण्यावरून येताना बनलेलं दाट धुकं, उन्हाळ्यातच जास्त. जमिनीवर ऊन असतं आणि बंदराचं तोंड शंभर मीटरवरही दिसत नाही. अशा वेळी जीपीएसच्या भरवशावर छोट्या तोंडात शिरू नका.

बंदराचं भाडं बोटीच्या लांबीवर घेतात. कार्यालय बंद असेल तर दारावर पाकीट किंवा फोन नंबर असतो. पैसे भरल्याशिवाय निघू नका, ही बंदरं दुरुस्त ठेवायला तोच पैसा वापरतात. किनाऱ्याच्या विजेसाठी निळा १६ ॲम्पिअरचा प्लग आणि २५ मीटर केबल लागते. डिझेल सगळीकडे धक्क्यावर मिळत नाही, २० लिटरचे दोन कॅन भरून ठेवा.

रोज सकाळी निघताना दुसऱ्या गटातलं एक बंदर ठरवा आणि त्याबरोबर पहिल्या गटातलं एक, वेळेसकट लिहून. व्हाइटहिल्सला निघालात आणि उत्तरेचा स्वेल वाढला, तर बकीला वळायची शेवटची वेळ काय, हे लॉसीमथ सोडण्याआधी ठरलेलं असावं. तोंडावर पांढरं पाणी दिसल्यावर चौघे दमलेले असतात आणि कोणालाच परत फिरायचं नसतं. स्टोनहेवनच्या खाली पहिल्या गटातलं बंदर नाही, म्हणून पूर्वेचा वारा पाच फोर्सच्या वर जाणार असेल तर पीटरहेडलाच आणखी एक दिवस थांबा.